ज्वालामुखीच्या तळ्यांना रंग कुठून येतो, आणि तिथं जायचं कसं

इंडोनेशियातल्या केलिमुटू ज्वालामुखीवर कोणत्या महिन्यात गेलं की लाल तळं बघायला मिळेल, असं विचारणारे आता कोल्हापुरातही भेटतात. बालीची सहल नवलाईची राहिलेली नाही. तिथवर गेलोच आहोत तर पुढं फ्लोरेस बेटावर जाऊन ती तीन रंगांची तळीही बघून येऊ, असा बेत होतो. प्रश्न रास्त आहे. कासला आपण सप्टेंबरात जातो, राधानगरीला काजव्यांसाठी मे महिन्याच्या शेवटी. निसर्गाचं वेळापत्रक असतं, याची आपल्याला सवय आहे. केलिमुटूच्या रंगांना मात्र असं वेळापत्रक नाही. तळ्याखालून ज्वालामुखी कोणते वायू किती प्रमाणात वर सोडतो, यावर तिथला रंग मुख्यतः ठरतो, आणि ते ज्वालामुखी कुणाला विचारून करत नाही.

केलिमुटू हा १,६३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या माथ्यावर तीन विवरं आहेत आणि तिन्हींत पाणी आहे. दोन तळी अगदी शेजारी, मध्ये फक्त एक अरुंद कडा. तिसरं त्यांच्यापासून थोडं पश्चिमेला. डोंगर एकच, पाऊस एकच, ऊनही एकच, तरी एक तळं फिरोजी, दुसरं गडद हिरवं आणि तिसरं काळपट तांबूस, असं दृश्य एकाच वेळी दिसू शकतं. काही महिन्यांनी गेलात तर हे रंग बदललेले असू शकतात. प्रत्येक तळ्याला खालून येणारी वायूची वाट वेगळी आहे, म्हणून प्रत्येकाची रसायनंही वेगळी आणि बदलही आपापल्या गतीनं.

या रंगांचं रहस्य समजून घ्यायला फ्लोरेसपर्यंत जायची गरज नाही. पन्हाळ्याला जाताना घाटात जरा थांबून डोंगराकडं बघा. खालच्या अंगाला काळा पाषाण, माथ्यावर तांबडा जांभा. हे दोन वेगळे दगड वाटतात, पण जांभा हा त्या काळ्या पाषाणातूनच तयार झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. तो लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला, शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून नाही. म्हणून इतका ज्वालामुखीचा दगड पायाखाली असूनही आपल्याकडं ज्वालामुखीच्या विवरातली तळी नाहीत. थंड झालेल्या त्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, लोह भरपूर होतं, आणि ते बहुतेक ‘फेरस’ रूपात, म्हणजे ऑक्सिजनशी पुरतं न जुळलेलं. मग लाखो वर्षं सह्याद्रीचा पाऊस त्यावर पडत राहिला. सिलिका विरघळून वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, हवेतल्या ऑक्सिजननं लोहाचं ‘फेरिक’ रूप केलं आणि दगड तांबडा झाला. शाहूवाडी-राधानगरीकडच्या डोंगरांवर बॉक्साइट सापडतं, तेही याच झिजेतून.

केलिमुटूच्या पाण्यात लोहाचं हेच रूपांतर होतं, पण तिथं ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घडू शकतं आणि उलटंही फिरतं. ज्वालामुखीचे वायू ऑक्सिजन खाऊन टाकणारे असतात. खालून वायू जोरात येऊ लागले की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, विरघळलेलं लोह फेरस रूपात राहतं आणि पाणी हिरवट दिसतं. वायूचा जोर ओसरला, वरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात मुरला, की लोह फेरिक होतं आणि पाणी तपकिरी, तांबूस, कधी जवळजवळ काळं होतं. पन्हाळ्याच्या माथ्यावर निसर्गानं एकदाच आणि सावकाश केलेलं काम तिथं पुन्हा पुन्हा होतं. मला स्वतःला विज्ञानातला हा भाग फार सुंदर वाटतो. आपल्या अंगणातल्या जांभ्यात आणि विषुववृत्तापलीकडच्या तळ्यात लोह एकाच नियमानं वागतं.

सगळे रंग लोहाचे नसतात. दुधाळ निळा किंवा फिरोजी रंग बहुतेक वेळा गंधकामुळं येतो. पाण्यात गंधकाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि प्रकाशातला निळा भाग ते जास्त विखुरतात. कण वाढून मोठे झाले की सगळेच रंग विखुरले जातात आणि पाणी पांढुरकं होत जातं. जपानमध्ये कुसात्सु-शिराने ज्वालामुखीवरचं युगामा हे तळं अशाच हिरवट दुधाळ रंगाचं आहे. तिथं शास्त्रज्ञ रंगातला बदल नोंदवून खालच्या हालचालींचा अंदाज घेत आले आहेत.

गंधकाचं सर्वांत मोठं दृश्य आहे पूर्व जावातल्या कावा इजेनला. बालीहून रात्री निघून, फेरीबोटीनं सामुद्रधुनी ओलांडून बन्युवांगीला उतरायचं, तिथून डोंगराच्या पायथ्याशी पोचायचं आणि सुमारे ३ किलोमीटरचा चढ चढून पहाटेपूर्वी विवराच्या काठावर यायचं, अशी ही सहल असते. सगळ्यांना बघायची असते ती निळी आग. विवरातल्या फटींमधून अतितप्त गंधकी वायू बाहेर पडतात आणि हवा लागताच पेट घेतात. ती ज्योत अंधारातच दिसते. उजाडलं की समोर येतं सुमारे १ किलोमीटर रुंदीचं फिरोजी तळं. जगातलं हे सर्वांत मोठं अतिआम्लधर्मी विवरतळं मानलं जातं. त्याचा सामू, म्हणजे आम्लता सांगणारा पीएच अंक, ०.५ च्याही खाली जातो. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो, आणि सामू एका अंकानं उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे हे पाणी लिंबाच्या रसापेक्षा तीसपटीहून जास्त आम्ल आहे.

त्या तळ्याच्या काठावर माणसं काम करतात. वायू पाइपांतून खाली वळवला जातो. तो थंड होताना गंधक द्रवरूपात ठिबकतं. गरम असताना ते लालभडक असतं, गोठलं की पिवळं. कामगार ते पहारीनं फोडतात, बांबूच्या कावडीच्या दोन टोपल्यांत भरतात आणि ७० ते ९० किलोचं ओझं खांद्यावर घेऊन विवराची खडी वाट चढतात. हे गंधक ज्या कामांना लागतं त्यात साखर पांढरी करणं हेही एक आहे. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्या साखर कारखान्यांतही गंधक जाळून त्याचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, उसाच्या रसातून सोडतात. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात गेलेल्या प्रत्येकाच्या घशाला तो वायू ओळखीचा आहे. इजेनच्या विवरात तोच वायू कुठल्याही नळीशिवाय, कुठल्याही मोजमापाशिवाय अंगावर येतो.

म्हणून इजेनला जाताना दोन गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात. पहिली, विवरात उतरायची अरुंद वाट ही कामगारांची वाट आहे. ओझं घेतलेला माणूस समोरून आला की आपण बाजूला व्हायचं, तेही डोंगराच्या अंगाला. त्याला थांबवून फोटो काढायचा नाही. काढायचाच असेल तर त्यानं ओझं उतरवल्यावर, विचारून. दुसरी, साध्या कापडी रुमालानं हा वायू अडत नाही. आम्ल वायूसाठीचं फिल्टर असलेला मुखवटा लागतो. दमा किंवा हृदयविकार असेल त्यांनी काठावरूनच तळं बघावं. काठावरून दिसणारं दृश्य अपुरं नाही, हे मी आग्रहानं सांगेन.

इजेनचं पाणी तिथंच थांबत नाही. डोंगरातून निघणारी बन्यूपाहित नदी हे आम्ल पाणी, त्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड घेऊन आसेमबागुसच्या सपाटीवर उतरते, आणि तिथं शेतीला तेच पाणी मिळतं. पिकं मार खातात, लोकांच्या दातांवर फ्लोराइडचे डाग पडतात. पंचगंगेत मासे तरंगलेले पाहिले की आपला जीव जसा खालीवर होतो, तसा तिथल्या शेतकऱ्यांचाही होत असणार. फरक एवढाच, की तिथं प्रदूषण करणारा खुद्द डोंगर आहे आणि त्याला नोटीस बजावता येत नाही. फोटोतल्या त्या फिरोजी पाण्याच्या खाली एक खोरं राहतं.

आता धोक्याचं. रंग बदलला म्हणजे उद्रेक होणार, असं सरळ गणित नाही. रंग तसाच आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे तर मुळीच नाही. कॅमेरूनमधलं न्योस तळं निळं, शांत आणि दिसायला देखणं होतं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्याच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम वर आला. हा वायू हवेपेक्षा जड. तो काठावरून ओसंडून दऱ्यांत उतरला आणि झोपेतली १,७४६ माणसं गुदमरून गेली. हजारो जनावरं गेली. तळं तांबडं झालं ते त्यानंतर, कारण खोलवरचं लोहयुक्त पाणी वर येऊन त्याला हवा लागली. रंग आला तोवर सगळं घडून गेलं होतं. २००१ पासून तिथं पाइप टाकून तळाचा वायू सतत आणि थोडा थोडा बाहेर सोडतात.

न्यूझीलंडमधल्या व्हाकारी, म्हणजे व्हाईट आयलंड बेटावरही आम्ल विवरतळं होतं आणि पर्यटकांच्या बोटी रोज जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथली धोक्याची पातळी एक पायरी वाढवली गेली, पण सहली चालू राहिल्या. ९ डिसेंबरला उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यातले २२ गेले. अशा ठिकाणी लाव्हा वर यावाच लागत नाही. तळ्याखालचं पाणी तापून एका क्षणात वाफ झालं तरी दगड, राख आणि उकळती वाफ उसळते, आणि त्याआधी मिळणारी सूचना फार थोडी असते.

इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था धोक्याच्या चढत्या क्रमानं चार पातळ्या जाहीर करते: नॉर्मल, वास्पादा (सावध), सियागा (सज्ज) आणि आवास (सर्वांत मोठा धोका). निघण्याच्या आदल्या दिवशी ही पातळी बघायची. सहल कंपनीच्या माणसाच्या ‘काही होत नाही’ वर विसंबायचं नाही. पातळी वाढलेली असेल आणि वाट बंद असेल तर परत फिरायचं. पैसे बुडाले तर बुडाले. विवराच्या खोलगट भागात बसून डबा सोडायचा नाही, कारण जड वायू तिथंच साचतात. सडक्या अंड्याचा वास येत होता आणि अचानक यायचा थांबला, तर वायू गेला असं समजायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. तिथून लगेच वर आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला चालू लागायचं. कोस्टा रिकात पोआस ज्वालामुखीवर २०१७ च्या उद्रेकानंतर आगाऊ नोंदणी, डोक्यावर हेल्मेट आणि काठावर मोजकी २० मिनिटं असा नियम केला गेला. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

केलिमुटूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या लिओ समाजाच्या श्रद्धेनुसार मेलेल्यांचे आत्मे या तळ्यांत राहायला जातात. म्हाताऱ्यांचं तळं वेगळं, तरुणांचं वेगळं आणि वाईट कर्मं केलेल्यांचं वेगळं. दरवर्षी १४ ऑगस्टला डोंगरावर पूर्वजांना अन्न ठेवण्याचा विधी होतो. पितृपंधरवड्यात घराच्या कौलांवर घास ठेवणाऱ्या माणसाला त्या जागेचं मोल कळायला वेळ लागू नये. तरीही कठड्यापलीकडं जाऊन फोटो काढणारे, पाण्यात दगड भिरकावणारे, पहाटेच्या शांततेत मोबाइलवर गाणी लावणारे तिथं असतात. आपल्याकडं पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेनंतर मसाई पठारावर राहिलेला प्लास्टिकचा कचरा ज्यांनी स्वतः गोळा केलाय, त्यांनी तरी आपल्या गटातल्यांना आधीच बजावून ठेवावं. केलिमुटूवर एक बेगोनिया उगवतो, त्याच्या शास्त्रीय नावातच हा डोंगर आहे: बेगोनिया केलिमुटुएन्सिस. पायवाट सोडून चाललेलं एक पाऊलही अशा झाडांना जड जातं. आणि मुक्काम करायचाच असेल तर पायथ्याजवळच्या मोनी गावात करावा, वाटाड्या तिथलाच घ्यावा, लिओ बायकांनी विणलेलं कापड त्यांच्याकडूनच घ्यावं.

इतका लांबचा प्रवास सगळ्यांना जमणारा नाही, आणि जमलाच पाहिजे असंही नाही. रंग बदलणारं तळं महाराष्ट्रातच आहे. लोणार ज्वालामुखीचं नव्हे. ज्वालामुखीच्या दगडावर बाहेरून येऊन आदळलेल्या उल्केचं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमध्ये आहे, आणि बेसॉल्टमधली अशी आघातविवरं पृथ्वीवर फार थोडी असल्यानं चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथं येतात. पाणी खारं आणि इजेनच्या अगदी उलट, तीव्र अल्कधर्मी; सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. रंग निघाला हॅलोआर्किया या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. पाऊस नव्हता, ऊन कडक होतं, पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांची वाढ फोफावली. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचं नोव्हेंबरात जाहीर झालं.

अंबाबाईच्या गावची माणसं लोणारला गेली की काठावरच्या कमळजा देवीच्या दर्शनाला उतरणारच, आणि उतरावंच. फक्त निर्माल्य, साबण आणि प्लास्टिक खाली न्यायचं नाही. गावचं सांडपाणी तळ्यात उतरतं, यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाल्या आहेत. गोड पाणी आणि घाण आत आली की क्षारता बदलते, आणि तिथले जीव नेमके त्या क्षारतेवर जगतात. काठावरचं पाणी बाटलीत भरून आणण्याचाही मोह होतो. तो आवरावा, बाटलीत रंग टिकत नाही, काही वेळात सूक्ष्मजीव तळाशी बसतात आणि वर साधं पाणी उरतं.