गॅरेजचं अर्थिंग: रॉड कुठे लागतो आणि चौथी तार का सोडायची नाही

अमेरिकेत स्वतःचं घर झालं की गॅरेजमध्ये वेगळं सबपॅनेल, म्हणजे मुख्य पॅनेलवरून वीज घेणारी ब्रेकरची दुसरी पेटी, बसवायची वेळ बऱ्याच जणांवर येते. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग असतं, सुतारकामाची यंत्रं असतात, हिवाळ्यात हीटर लागतो. आपल्या मनात अर्थिंग म्हणजे कोळसा-मीठ घातलेला खड्डा आणि त्यात पुरलेली प्लेट. म्हणून गॅरेजपाशी एक रॉड ठोकला की काम झालं असं वाटतं. ही समजूत जीवघेणी आहे.

हिशेब करून पाहा. यंत्राच्या लोखंडी अंगाला १२० व्होल्टची फेज चिकटली आणि परतीची वाट फक्त जमिनीतून असली, तर २५ ओहमच्या रॉडमधून जाणारा करंट १२० भागिले २५, म्हणजे ४.८ अँपिअर. २० अँपिअरचा ब्रेकर तो सहज वाहू देतो. ब्रेकर पडत नाही, यंत्राचं अंग जिवंत राहतं आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. तेच अंग अर्थच्या तांब्याच्या तारेने मुख्य पॅनेलपर्यंत जोडलेलं असेल आणि त्या पूर्ण वाटेचा रोध अर्धा ओहम असेल, तर २४० अँपिअर वाहतात आणि ब्रेकर क्षणात पडतो. माणसाला वाचवते ती ही तार. रॉडचं काम वेगळं: वीज कडाडली किंवा बाहेरच्या लाइनवर दाब उसळला, तर तो जमिनीत उतरवायचा.

अमेरिकेतल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीतला, जोडलेल्या आणि सुट्या गॅरेजचा फरक यावरच उभा आहे. घराला लागून असलेलं गॅरेज त्याच इमारतीचा भाग. तिथल्या सबपॅनेलला चार तारा न्यायच्या, दोन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. नवा रॉड लागत नाही. अंगणात सुटं उभं असलेलं गॅरेज ही वेगळी इमारत, म्हणून कलम २५०.३२ प्रमाणे त्याच चार तारा आणि शिवाय तिथला स्वतःचा रॉड. सूट एकच: सुट्या गॅरेजला अर्थच्या तारेसह फक्त एकच सर्किट जात असेल, तर रॉड नसला तरी चालतो.

मुख्य पॅनेलपासून सबपॅनेलपर्यंतची लाइन म्हणजे फीडर. साधारण ६० अँपिअरच्या फीडरला अर्थची तांब्याची तार किमान १० एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप; आकडा लहान तितकी तार जाड) लागते, १०० अँपिअरला ८. पीव्हीसी पाइपमधून नेताना पाइपवर १८ इंच माती हवी. रॉड ८ फुटी, पूर्ण जमिनीत. एका रॉडचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त भरला तर दुसरा लागतो, पहिल्यापासून निदान ६ फूट दूर. मोजत बसण्यापेक्षा दोन ठोकणं सोपं, आणि बहुतेक वायरमन तेच करतात. रॉडपर्यंतची तार ६ एडब्ल्यूजी तांब्याची पुरे. नवं गॅरेज बांधत असाल तर पायाचं काँक्रीट ओतण्याआधीच विचार करा: त्यातली २० फूट लांब, अर्ध्या इंचाची सळई रॉडपेक्षा सरस अर्थ देते, पण काँक्रीट पडल्यावर ती हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या न्यूट्रलपाशी. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना फक्त घराच्या मुख्य ठिकाणी, सर्व्हिस डिस्कनेक्टपाशी (घराची सगळी वीज बंद करणाऱ्या मेन स्विचपाशी) जोडायचे. नव्या पॅनेलबरोबर न्यूट्रल पॅनेलच्या पत्र्याला जोडणारा हिरवा स्क्रू किंवा धातूची पट्टी येते. सबपॅनेलमध्ये ही जोडणी करायचीच नाही. अर्थच्या तारांसाठी वेगळी पट्टी पॅनेलच्या पत्र्याला थेट कसायची. ती बऱ्याचदा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. मग सगळ्या तारा न्यूट्रलच्या पट्टीवर जातात. यंत्रं चालतात, दिवे लागतात, काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या तारेतून, धातूच्या पाइपांतून परतू लागतो. पुढे कधी न्यूट्रल ढिली पडली, तर सगळा लोड त्याच वाटेने जातो. आणि तिथेही एखादा जोड सैल असला, तर गॅरेजमधलं प्रत्येक लोखंडी अंग फेजला येऊ शकतं.

जुन्या सुट्या गॅरेजमध्ये तीनच तारा आणि तिथेच अर्थला जोडलेली न्यूट्रल सापडेल. २००८ च्या कोडपर्यंत काही अटींवर तशी मुभा होती आणि जुन्या जोडण्यांना ती अजूनही आहे. पण घर आणि गॅरेजमध्ये धातूची पाण्याची पाइप किंवा केबलचं आवरण अशी दुसरी वाट नंतर तयार झाली असेल, तर ती मुभा संपते. नवी लाइन टाकताना चारच तारा. कोडची आवृत्ती राज्याराज्यात वेगळी असते, तेव्हा परमिट घेतानाच स्थानिक इन्स्पेक्टरला विचारून घ्यावं.

काम झाल्यावर गॅरेजमध्ये १२० व्होल्टचा एखादा मोठा लोड, समजा हीटर, चालू करा आणि फीडरच्या अर्थच्या तारेभोवती क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्यातला करंट मोजणारा चिमटा) धरायला वायरमनला सांगा. आकडा जवळपास शून्य यायला हवा. तिथे दोन-चार अँपिअर दिसले, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटलेली आहे, आणि पहिला संशय त्या हिरव्या स्क्रूवर घ्यावा.