स्लाइसची दीडशे वर्षं

जानेवारी १८९३. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं गोल्फचं मैदान थंडीने गोठलेलं. फ्रेडी टेट नावाच्या तरुणाने मारलेला चेंडू हवेतच २५० यार्ड गेला आणि कडक जमिनीवर घरंगळत ३४१ यार्डांवर जाऊन थांबला. फ्रेडीचे वडील पीटर गथ्री टेट हे एडिंबरोतले भौतिकशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. मग किस्सा तयार व्हायला किती वेळ लागतो? चेंडू इतका लांब जाऊच शकत नाही असं बापाने गणिताने सिद्ध केलं होतं आणि पोराने ते एका फटक्यात खोटं पाडलं, असं लोक सांगू लागले.

किस्सा झकास आहे, पण बापावर अन्याय करणारा. फिरकीच नसेल तर चेंडू इतका लांब जाणार नाही, हे टेट यांचं खरं म्हणणं. आणि त्या वर्षांत ते नेमके या फिरकीच्याच मागे लागले होते. चेंडूला लांब फीत बांधायची, तो जवळूनच मातीच्या ढिगात मारायचा आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचे, असा त्यांचा प्रयोग. चेंडू उलटा, म्हणजे मागच्या दिशेने फिरत जातो, म्हणून हवा त्याला वर उचलून धरते, हे त्यांनी ओळखलं.

स्लाइस आणि हुक समजून घ्यायला एवढं पुरे. ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतच सरकतो ना, तसंच हे. गोल्फच्या चेंडूला मागची फिरकी एक आणि बाजूची फिरकी दुसरी, अशा दोन फिरक्या नसतात. फिरकी एकच, तिचा आस तेवढा कलतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूला भिडताना त्याचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, क्लबच्या वाटेच्या मानाने उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं राहिलं, की आस उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. हा स्लाइस. तोंड मिटलेलं असेल तर उलटं घडतं, तो हुक. (इंग्रजीत याला क्लबचा फेस म्हणतात, पण मराठीत फेस म्हटलं की साबण आठवतो. आपण तोंडच म्हणू.)

आता यातली खरी गोम. क्लबचं तोंड जितकं आकाशाकडे, तितकी मागची फिरकी जास्त आणि आस कलणं कमी. ड्रायव्हर म्हणजे सर्वात लांब फटक्याचा क्लब. त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं असतं, कारण अंतर काढायचं असतं. त्यामुळे हातून चूक तेवढीच झाली, तरी वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) सांभाळून घेतो आणि ड्रायव्हर चारचौघांत अब्रू काढतो. लांब जाणं आणि सरळ जाणं यांचं हाडवैर इथलं आहे, आणि अवजारांचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांचा समेट घडवण्याची धडपड.

सुरुवात चेंडूपासून झाली. जुना चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी, तीत हॅटभर पिसं ठासून भरलेली. १८४८च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. हा गटापर्चा स्कॉटलंडला कसा पोचला, याची एक दंतकथा आहे: पूर्वेकडून पाठवलेल्या विष्णूच्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तो पेटीत भरला होता म्हणे. विष्णूने गोल्फवर केलेली ही कृपा खरी असो-नसो, नवा चेंडू गुळगुळीत होता आणि हवेतून धपकन खाली यायचा. वापरून चरे-खाचा पडल्या की मात्र चांगला उडायचा. मग कारागीर नवा चेंडूच हातोडीने ठोकून खरबरीत करू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळ्यांचं मूळ इथे सापडतं. १८९९ साली कोबर्न हॅस्केल या अमेरिकनाने रबराचा धागा गुंडाळलेल्या चेंडूचं पेटंट घेतलं. १९०२ची ब्रिटनमधली ओपन स्पर्धा सँडी हर्डने त्याच चेंडूने जिंकली आणि गटापर्चाचे दिवस भरले.

क्लबचा दांडा तोवर हिकरीच्या लाकडाचा होता. लाकूड नुसतं वाकत नाही, पिळतंही. जोरात फिरवलं की दांड्याच्या टोकाचं डोकं मागे रेंगाळतं आणि तोंड उघडं राहतं. म्हणून त्या काळचे खेळाडू मनगटाने वेळ साधून तोंड मिटवत. पोलादी दांड्याला अमेरिकेने १९२४ साली आणि नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजवाल्यांनी १९२९ साली परवानगी दिली, तसा हा पीळ गेला आणि फटक्याची ढबही बदलली. मुंबईत चेंबूरच्या वस्त्यांमधल्या कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांनी, लोखंडी सळी वाकवून क्लब केले आणि गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ सुरू केलं. त्यांच्या सळीलाही पिळण्याचा रोग नाही. आज दुकानात नरम दांडा की कडक, यावर तासभर प्रवचन ऐकायला मिळतं. नरम दांड्याने तोंड थोडं लवकर मिटतं हे खरं, पण माझ्या मते या गोष्टीला तिच्या लायकीपेक्षा जास्त भाव मिळतो.

मला सर्वात जास्त कौतुक वाटतं ते लाकडी डोक्याच्या फुगवट्याचं. ड्रायव्हरचं तोंड सपाट नसतं, आडवं किंचित फुगीर असतं. हा ‘बल्जर’ १८८०च्या दशकातला. शोध आपलाच असा दावा करणारे एकाहून अधिक निघाले. चेंडू तोंडाच्या मधोमध न लागता दांड्यापासून लांबच्या टोकाकडे लागला, तर डोकं उघडायच्या बाजूला फिरतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकावीत तशी चेंडूला उलटी, हुकची फिरकी मिळते. फुगवट्यामुळे तोच चेंडू मुळात थोडा उजवीकडे निघतो आणि वळून मध्यावर येतो. दांड्याजवळ लागला तर हेच सगळं उलट्या बाजूने. चुकीवर चुकीचाच उतारा! पुढे ही डोकी पर्सिमनच्या लाकडाची होऊ लागली. पर्सिमन म्हणजे, विदर्भात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्याच जातकुळीतलं झाड. डोकी धातूची झाली तरी फुगवटा गेला नाही.

डोकं फिरूच नये, या दिशेने विचार केला तो कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या इंजिनियरने. तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. १९५९ साली त्याने असा पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) बनवला, ज्याचं वजन मधोमध नव्हतं, दोन टोकांना होतं. चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. कडेने वजन पसरलं की कडेला लागलेल्या चेंडूनेही डोकं कमी पिळतं. हीच युक्ती मग आयर्नमध्ये, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबमध्ये, आणि शेवटी ड्रायव्हरमध्ये गेली. १९७९ साली टेलरमेड कंपनीने पोलादी पोकळ डोक्याचा ‘वूड’ (लांब फटक्याचा, एरवी लाकडी डोक्याचा क्लब) बाजारात आणला. १९९१ साली कॅलवे कंपनीचा ‘बिग बर्था’ ड्रायव्हर आला, १९० घनसेंटिमीटरचा, तेव्हा तो अवाढव्य वाटला होता. चारच वर्षांत टायटॅनियम आलं आणि आकडा २५० वर गेला. अखेर २००४ साली नियमवाल्यांनी ४६० वर रेघ ओढली. तोंडाच्या स्प्रिंगसारख्या उसळीवरही मर्यादा आहेच.

त्याच २००४ साली वजनाचे स्क्रू इकडून तिकडे हलवता येणारा ड्रायव्हर आला. वजन दांड्याच्या बाजूला घेतलं की तोंड मिटायला सोपं, स्लाइस कमी. माझ्या बॅगेत असाच एक आहे, सगळं वजन दांड्याकडे केलेला. स्लाइस पूर्वी शेजारच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जायचा, आता मधल्या झाडांत जातो.

याच सुमारास डेन्मार्कमधून चेंडूचा माग काढणारं रडार आलं आणि एक जुना गैरसमज उघडा पडला. क्लब ज्या वाटेने फिरतो त्या दिशेला चेंडू निघतो, असं कित्येक प्रशिक्षक पिढ्यानपिढ्या शिकवत आले होते. खरं तर तो बहुतांशी तोंड बघत असेल तिकडे निघतो. म्हणजे स्लाइस होतो म्हणून डावीकडे रोख धरून मारा, हा सल्ला बिचाऱ्यांचा स्लाइस आणखी पक्का करत होता.

अंतराचं म्हणाल, तर अमेरिकन व्यावसायिकांचा सरासरी ड्राइव्ह १९८० साली २५७ यार्डांच्या आसपास होता, २०२३ साली जवळपास ३०० झाला. त्या डिसेंबरात नियमवाल्यांनी चेंडूची नवी चाचणी जाहीर केली. क्लबचा वेग ताशी १२० ऐवजी १२५ मैल, अंतराची मर्यादा मात्र जुनीच, ३१७ यार्ड आणि वर ३ यार्डांची सवलत. यंत्राने चेंडू ११ अंशांत उडवायचा आणि त्याला मिनिटाला सुमारे २२०० फेऱ्यांची मागची फिरकी द्यायची. टेट यांनी फितीचे पीळ मोजले ती हीच फिरकी. फक्त यंत्राच्या फटक्यात आस कलत नाही.