नव्या कामगारांची जंत-तपासणी : कँटीनचालक, हॉटेलमालक व ठेकेदारांसाठी

चाकण-तळेगाव परिसरातील आमच्या प्रयोगशाळेचे ग्राहक बाहेरगावाहून आलेल्या नव्या कामगारांना पाठवताना बहुधा "सगळ्यांची स्टूल टेस्ट करून टाका" एवढेच सांगतात. परंतु कोणाची, किती वेळा आणि कशासाठी, हे आधी ठरवल्यास खर्चही वाचतो.

तपासणीची खरी गरज स्वयंपाकघरात आहे. अन्नसुरक्षा परवान्याच्या 2011 च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावीच लागते. नवा माणूस भांड्याला हात लावण्यापूर्वीच ती व्हावी, असे आमचे मत आहे. जिआर्डिया (जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी) आणि आमांशाचा अमिबा न धुतलेल्या हातांवरून थेट ताटात पोहोचतात. आचाऱ्याच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी असेल आणि त्याची अंडी जेवणात गेली, तर जेवणाऱ्याच्या मेंदूत गाठी होऊन त्याला फिट येऊ शकते, मग तो जन्मात मांसाला शिवलेला नसला तरीही.

गोल जंत आणि अंकुशकृमी यांचे तसे नाही. त्यांच्या अंड्यांना आधी ओलसर मातीत काही दिवस किंवा आठवडे काढावे लागतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि पुढे आतड्यात रक्त शोषून माणसाला पांढराफटक करते. त्यामुळे बांधकामावरील मजुरांसाठी, आमच्याच धंद्याविरुद्ध बोलायचे तर, तपासणीपेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेली अल्बेंडाझोल या जंतनाशकाची 400 मिलिग्रॅमची एक गोळी अधिक सोयीची पडते. सरकारी जंतनाशक मोहीम 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी असल्याने मोठ्या माणसांना ती मिळत नाही. मात्र गर्भवती स्त्रिया आणि पूर्वी फिट आलेले कामगार यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. शिवाय अमिबावर ही गोळी चालत नाही.

नमुना आमच्याकडील कोरड्या डबीतच, लघवी वा पाणी न मिसळता द्यावा. शौच पातळ असल्यास तो अर्ध्या तासात पोहोचवावा, कारण अमिबा जिवंत असून हलत असतानाच तो ओळखणे सोपे जाते. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने घेतले जातात. एकाच नमुन्यात काही आढळले नाही, एवढ्यावर माणूस निर्दोष ठरत नाही. नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असल्यास दोन आठवडे थांबावे.

नोकरी जाण्याच्या भीतीने एकाचाच नमुना चार डब्यांत भरून आणला जातो, हे सर्वच प्रयोगशाळांना ठाऊक असते. ही भीती घालवणे मालकाच्या हाती आहे. बहुतेक जंतांवर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. तेवढे दिवस त्या माणसाला स्वयंपाकघराबाहेरचे काम द्यावे, घरी पाठवू नये. आमांशाच्या अमिबासारखाच दिसणारा एक निरुपद्रवी अमिबाही असतो व सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी (शौचातून पडणारी त्यांची कवचबंद रूपे) सारख्याच दिसतात, तेव्हा अहवालातील तेवढ्या ओळीवरून निर्णय न घेता डॉक्टरांना विचारावे. सविस्तर अहवाल आम्ही कामगाराच्याच हाती देतो. मालकाला कामास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळतो.