नोंद कोणत्या भाषेत? सीमाभागातील अध्ययन-साहाय्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेत एखादे मूल वाचनात मागे पडू लागले की त्याच्याविषयीची माहिती ठिकठिकाणी साठू लागते. वर्गशिक्षकांचे निरीक्षण आणि आईचा अनुभव मराठीत असतो, तालुक्याच्या साधन केंद्राचा (शाळांना शैक्षणिक मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचा) कारभार कन्नडमध्ये चालतो आणि डॉक्टरांचा अहवाल बहुधा इंग्रजीत येतो. हे कागद एकमेकांशी क्वचितच जुळवून पाहिले जातात. ही स्थिती समजून घ्यायची तर भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, असे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला इतिहास जुना आहे. १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरवले की शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी एखाद्या मातृभाषेचे असतील, तर त्यांना प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून द्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका वगळता) मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात येऊन अनुच्छेद ३५०अ संविधानात आला. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. पुढे, ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे किमान १५ टक्के आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असेही ठरले. तथापि या साऱ्या तरतुदी वर्गातील अध्यापनाला आणि सर्वांसाठीच्या सूचनांना लागू होत्या. एका विशिष्ट मुलाच्या अडचणीबद्दल त्याच्या पालकांशी कोणत्या भाषेत बोलावे आणि त्यांच्या हाती कोणत्या भाषेतला कागद द्यावा, हा प्रश्न त्यांत आलाच नाही. माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

दुसरा इतिहास १९७४ च्या एकात्मिक शिक्षण योजनेपासून, म्हणजे अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवण्याच्या योजनेपासून, सुरू होतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाच्या सात प्रकारांची नोंद होती. वाचन-लेखनातील अक्षमतेचा त्यांत समावेश नव्हता. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या मदतीसाठी शाळाशाळांत फिरणारे साधन शिक्षक आले आणि गंभीर अडचण असलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवण्याची पद्धत रुळली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन-लेखनासारख्या गोष्टी शिकण्यातील अक्षमतेला, मान्यता दिली. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती नमूद आहेत. सीमाभागातल्या मुलाला मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे तीन लिप्या, हाताळाव्या लागतात. त्यामुळे ही शेवटची सवलत त्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मात्र ती आई-वडिलांना समजेल अशा मराठीत कुणी सांगितली, तरच ते ती मागू शकतात.

भाषेचा हा गुंता निदानातही शिरतो. मराठी घरातले मूल कन्नड वाचताना अडखळते, तेव्हा ती अक्षमता आहे की केवळ अपरिचित भाषेचा भार, हे एकाच भाषेतल्या चाचणीवरून ठरत नाही. २०१५ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियाच्या (वाचनातील अक्षमतेच्या) तपासणीसाठी ‘डाली’ नावाचे साधन हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत उपलब्ध केले. एकाच मुलाला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तपासण्याची सोय या भागासाठी विशेष उपयोगाची आहे. पण त्या तपासणीचा अर्थ लावताना घरात कोणती भाषा बोलली जाते, मूल अंगणवाडीत कोणत्या भाषेत होते, हे शिक्षकांनी आधी कळवलेले असावे लागते.

त्यात राज्याची सीमा. निपाणीचे मूल कोल्हापूरला किंवा खानापूरचे चंदगडला मामाकडे शिकायला गेले, की कर्नाटकच्या ‘सॅट्स’ या विद्यार्थी-नोंदणीच्या संगणक प्रणालीतून त्याचे नाव महाराष्ट्राच्या ‘सरल’ या तशाच प्रणालीमध्ये नव्याने घालावे लागते. दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचे ओळखपत्र) देशभर चालते, परंतु त्यावर अक्षमतेचा प्रकार आणि प्रमाण असते. ते मूल कोणत्या अक्षरांवर अडखळायचे, कोणत्या पद्धतीने शिकवल्यावर वाचू लागले, हे जुन्या शाळेतल्या बाईंच्या वहीतच राहते.