उत्तर आयर्लंडमधील मिरवणुका आणि होळ्यांचा वाद

उत्तर आयर्लंडमध्ये उन्हाळ्याच्या महिन्यांत निघणाऱ्या पंथीय मिरवणुका आणि त्यांच्या जोडीने पेटवल्या जाणाऱ्या सार्वजनिक होळ्या यांवरून प्रॉटेस्टंट व कॅथलिक समाजांत गेली दोनशेहून अधिक वर्षे तंटा चालू आहे. ब्रिटनशी जोडलेले राहावे असे मानणाऱ्यांना तेथे युनियनिस्ट आणि त्यांच्यातील अधिक कडव्यांना लॉयलिस्ट म्हणतात. आयर्लंड एक व्हावे असे मानणारे राष्ट्रवादी किंवा रिपब्लिकन म्हणवतात. पहिला गट बहुतांशी प्रॉटेस्टंट आणि दुसरा बहुतांशी कॅथलिक असल्यामुळे हा वाद धर्माचा वाटतो. परंतु देवाच्या स्वरूपावरून किंवा उपासनेच्या रीतीवरून त्यात कोणी भांडत नाही. एखाद्या रस्त्यावरून वाजतगाजत जाण्याचा हक्क कोणाचा, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना त्यावर ‘नको’ म्हणता येते की नाही, हा त्याचा गाभा आहे.

मिरवणुकांचा मुख्य दिवस १२ जुलै हा असून त्याला स्थानिक लोक नुसते ‘ट्वेल्फ्थ’ म्हणतात. प्रॉटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा बॉइन नदीकाठी पराभव केला, त्याचे हे स्मरण होय. ही लढाई जुन्या पंचांगाप्रमाणे १ जुलै १६९० रोजी झाली. १२ जुलै ही तारीख मुळात पुढच्या वर्षी ऑक्रिम येथे झालेल्या, अधिक रक्तरंजित आणि युद्धाचा निकाल लावणाऱ्या लढाईची होती. पंचांग बदलल्यावर दोन्ही स्मरणे एकाच दिवसावर आली आणि लोकांच्या मनात बॉइनच उरली. त्या युद्धात फ्रान्सचा चौदावा लुई जेम्सच्या पाठीशी होता आणि लुईच्या वाढत्या सत्तेला विरोध म्हणून पोपची सहानुभूती विल्यमच्या मित्रपक्षांकडे होती, ही गोष्ट आज दोन्ही बाजूंना फारशी सोयीची नाही आणि म्हणून क्वचितच सांगितली जाते.

ट्वेल्फ्थच्या मिरवणुका ऑरेंज ऑर्डर ही संघटना काढते. आर्मा परगण्यात सप्टेंबर १७९५ मध्ये प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शेतकऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांत झालेल्या चकमकीनंतर ती स्थापन झाली. विल्यमच्या ऑरेंज घराण्यावरून तिला नाव मिळाले आणि नारिंगी हा तिचा रंग ठरला. गावोगावच्या शाखांना लॉज म्हणतात. गडद सूट, बोलर हॅट आणि गळ्यात नारिंगी पट्टा अशा पोशाखातील सभासद आपापल्या लॉजच्या रेशमी निशाणामागे चालतात. निशाणावर बहुधा पांढऱ्या घोड्यावर स्वार होऊन नदी ओलांडणारा विल्यम असतो. ग्रामीण भागांत लॅम्बेग नावाचा प्रचंड ढोल वेताच्या छड्यांनी वाजवला जातो आणि त्याचा आवाज मैलभर दूर ऐकू जातो. शहरांतून बासरी आणि ढोल यांची तरुणांची पथके पुढे असतात. सभासद आजोबा-वडिलांचा पट्टा घालून चालतात, बायका-मुले रस्त्याकडेला डबे घेऊन बसतात, शेवटी एखाद्या मोकळ्या मैदानात प्रार्थना व भाषणे होतात. हजारो कुटुंबांसाठी हा वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यावरचे निर्बंध त्यांना इतके का झोंबतात हे समजणार नाही. तेच ढोल खिडकीबाहेर ऐकताना कॅथलिक कुटुंबाला मात्र आपण या भूमीत दुय्यम आहोत याची वार्षिक आठवण करून दिली जात आहे असे वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

मार्गाचा प्रश्न जुना आहे. प्रार्थनास्थळावरून वाजत जाणाऱ्या मिरवणुकीचा तंटा महाराष्ट्राला १८९३-९४ पासून परिचित आहे; आयर्लंडमध्ये तो त्याआधीच विकोपाला गेला होता. डाउन परगण्यातील डॉलीज ब्रे या ठिकाणी १२ जुलै १८४९ रोजी ऑरेंज मिरवणूक मुद्दाम कॅथलिक वस्तीतून नेण्यात आली आणि तेथे झालेल्या संघर्षात सुमारे ३० कॅथलिक मारले गेले. त्यानंतर १८५० च्या कायद्याने पक्षीय मिरवणुकांवर बंदी आली. विल्यम जॉन्स्टन या जमीनदाराने १८६७ मध्ये न्यूटाउनआर्ड्‌सहून बँगरपर्यंत मिरवणूक काढून ही बंदी मोडली, तुरुंगवास भोगला आणि त्याच लोकप्रियतेवर तो १८६८ मध्ये संसदेत निवडून गेला. १८७२ मध्ये बंदी उठली. बंदी घातल्याने हुतात्मे तयार होतात, हा धडा त्या वेळच्या सरकारला चार-पाच वर्षांत मिळाला.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाल्यावर उत्तरेकडील सहा परगण्यांत युनियनिस्ट सरकार आले, आणि त्याच्या मंत्रिमंडळातील बहुतेक सर्व मंत्री ऑरेंज ऑर्डरचे सभासद असत. त्यामुळे ट्वेल्फ्थची मिरवणूक ही जणू राज्याचीच मिरवणूक झाली. ही घडी १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीने विस्कटली. डेरी शहरात, ज्याला युनियनिस्ट लंडनडेरी म्हणतात, १२ ऑगस्ट १९६९ रोजी ‘ॲप्रेंटिस बॉइज’ या संघटनेची मिरवणूक निघाली. १६८९ मध्ये जेम्सच्या सैन्याचा वेढा १०५ दिवसांनी उठला, त्याचे हे स्मरण असते. बॉगसाइड या कॅथलिक वस्तीजवळून ती जात असताना दगडफेक सुरू झाली, पोलीस वस्तीत घुसले, तीन दिवस लढाई चालली आणि १४ ऑगस्टला ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले. पुढील तीन दशके चाललेल्या आणि साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या यादवीत एका मिरवणुकीच्या दिवसाचे स्थान इतके मोठे आहे.

या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण पोर्टडाउन शहरातील ड्रमक्री हे आहे. ट्वेल्फ्थच्या आधीच्या रविवारी स्थानिक लॉजचे सभासद ड्रमक्रीच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जात आणि परतताना गार्व्हाही रोडवरून गावात येत. ही वहिवाट १८०७ पासूनची होती. त्या काळी हा रस्ता शेतांतून जात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या कडेने घरकुलांच्या वसाहती उभ्या राहिल्या, यादवीत लोकांनी आपापल्या समाजाच्या आसऱ्याला घरे बदलली आणि रस्ता जवळजवळ पूर्णपणे कॅथलिक झाला. एका बाजूची ‘परंपरागत वाट’ दुसऱ्या बाजूच्या अंगणातून जाऊ लागली. १९९५ मध्ये रहिवाशांनी रस्ता अडवला. तडजोडीने मिरवणूक गेली, पण शेवटी इयन पेझली आणि डेव्हिड ट्रिंबल या युनियनिस्ट नेत्यांनी हात उंचावून जल्लोष केला आणि तडजोडीतला विश्वास तिथेच संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रिंबल अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते झाले.

१९९६ मध्ये पोलिसांनी आधी मिरवणूक अडवली. त्यावर प्रांतभर लॉयलिस्टांनी रस्ते रोखले, जाळपोळ केली. हजारो लोक ड्रमक्रीच्या टेकडीवर जमले. तेव्हा ११ जुलै रोजी पोलीसप्रमुखांनी निर्णय फिरवला आणि रहिवाशांना बळाने बाजूला सारून मिरवणूक पुढे नेली. कायदा संख्याबळापुढे वाकतो, हा निष्कर्ष त्या आठवड्यात दोन्ही समाजांनी काढला, आणि त्यानंतर राष्ट्रवादी भागांत दंगली उसळल्या. १९९७ मध्येही वस्तीला पोलिसांचा वेढा घालून मिरवणूक नेली गेली. १० एप्रिल १९९८ रोजी यादवी मिटवणारा गुड फ्रायडे करार झाला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिरवणुकीला मनाई झाली. सैन्याने चर्चच्या खालच्या शेतात खंदक खणले, काटेरी तारा ओढल्या, आणि टेकडीवरून रोज रात्री हल्ले होऊ लागले. १२ जुलैच्या पहाटे बॅलीमनी गावात लॉयलिस्टांनी टाकलेल्या पेट्रोल बाँबने एका घरात झोपलेली तीन लहान भावंडे जळून मेली. त्या बातमीने ड्रमक्रीच्या आंदोलनाची नैतिक ताकदच गेली. ऑर्डरशी संबंधित धर्मगुरूंपैकीही काहींनी लोकांना घरी परतण्याचे आवाहन केले. तेव्हापासून गार्व्हाही रोडवरून ही मिरवणूक गेलेली नाही.

मनाईचा तो निर्णय परेड्स कमिशन या नव्या मंडळाचा होता. मिरवणुकीचा मार्ग ठरवण्याचे आणि तो राबवण्याचे असे दोन्ही अधिकार पोलिसांकडे असल्यामुळे ते एका किंवा दुसऱ्या बाजूचे शत्रू ठरत. म्हणून १९९७ च्या आरंभी आलेल्या एका स्वतंत्र अहवालाच्या शिफारशीने निर्णय मंडळाकडे आणि अंमलबजावणी पोलिसांकडे अशी विभागणी झाली. १९९८ च्या कायद्याप्रमाणे मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी आणि तिच्या विरोधातील निदर्शनाची सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते. मंडळ वेळ, मार्ग, पथकांची संख्या यांवर अटी घालू शकते. कॅथलिक चर्चसमोरून जाताना केवळ भजनांचे सूर किंवा ढोलाचा एकच संथ ठोका वाजवावा, अशी अट वारंवार घातली जाते. वर्षाला हजारो मिरवणुका निघतात आणि त्यांपैकी अगदी थोड्यांवरच वाद होतो, हे बाहेरच्या वर्तमानपत्रांतून सहसा कळत नाही. ऑरेंज ऑर्डरने मात्र मंडळ बेकायदेशीर हस्तक्षेप करते असे मानून त्याच्याशी बोलण्यास दीर्घकाळ नकार दिला.

समोरासमोर बोलल्याने काय साधते, हे डेरीच्या उदाहरणावरून दिसते. १९६९ च्या स्फोटाचे केंद्र असलेल्या या शहरात ॲप्रेंटिस बॉइज आणि बॉगसाइडच्या रहिवाशांचे प्रतिनिधी स्थानिक व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीने समोरासमोर बसले. मिरवणुकीभोवती उत्सव उभा राहिला, आणि ऑगस्टचा तो दिवस बहुतेक वर्षी शांततेत जाऊ लागला. बेलफास्टच्या आर्डॉइन या कॅथलिक भागात उलट घडले. २०१३ मध्ये संध्याकाळच्या परतीच्या मिरवणुकीस मनाई झाल्यावर ट्वाडेल ॲव्हेन्यूवर लॉयलिस्टांनी तळ ठोकला. तो तीन वर्षे राहिला आणि त्याच्या बंदोबस्तावर प्रचंड खर्च झाला. २०१६ मध्ये स्थानिकांत करार झाला, १ ऑक्टोबरला सकाळी एकच मिरवणूक शांतपणे गेली आणि तळ उठला.

होळ्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. ११ जुलैच्या मध्यरात्री, म्हणजे ट्वेल्फ्थच्या पूर्वरात्री, प्रॉटेस्टंट वस्त्यांत त्या पेटवल्या जातात. विल्यमच्या गलबतांना वाट दाखवण्यासाठी किनाऱ्यावर आगी पेटवल्या होत्या, असे परंपरेने सांगितले जाते. पूर्वी गल्लीच्या कोपऱ्यावर जुने लाकूडसामान जाळले जाई. मुले आठवडेच्या आठवडे लाकडे गोळा करीत आणि दुसऱ्या गल्लीतल्या मुलांनी ती पळवू नयेत म्हणून पहारा देत. होळीसाठी गोवऱ्या-लाकडे जमवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसारखेच हे चित्र होते. आज मालवाहू लाकडी पॅलेट एकावर एक रचून मनोरे उभे केले जातात. लार्न येथील क्रेगीहिलच्या मनोऱ्याने २०२२ मध्ये २०० फुटांहून अधिक उंची गाठल्याचा दावा रचणाऱ्यांनी केला. त्याच वर्षी त्याच गावातील दुसऱ्या मनोऱ्यावरून पडून एक माणूस मेला. टायर जाळल्याने विषारी धूर होतो, जवळच्या घरांच्या भिंतींवर अग्निशमन दलाला पाणी मारत राहावे लागते. सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट मात्र मनोऱ्याच्या माथ्यावर असते: आयर्लंडचा तिरंगा, कॅथलिक राजकारण्यांची निवडणूक-पत्रके, कधी पुतळे. निवडणूक-पत्रकावरचा शेजाऱ्याचा चेहरा जळताना टाळ्या पडतात, तेव्हा त्याला उत्सव म्हणणे कठीण होते.

राष्ट्रवादी वस्त्यांतही होळ्या असतात. ९ ऑगस्ट १९७१ रोजी बिनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली, तिच्या स्मरणार्थ आणि १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाला त्या पेटतात, आणि त्यांवर ब्रिटिश ध्वज जाळले जातात. पश्चिम बेलफास्टमध्ये १९८८ पासून भरवल्या जाणाऱ्या लोकोत्सवाने तरुणांना बऱ्याच अंशी या आगींपासून दूर नेले, तरी २०१९ मध्ये उत्तर बेलफास्टमधील न्यू लॉज या वस्तीतील ढीग हटवण्यास गेलेल्या पोलिसांना माघार घ्यावी लागलीच.

मिरवणुकीसाठी कायदा आणि मंडळ आहे, होळीसाठी तसे काही नाही. ढीग बहुधा सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय उभा राहतो आणि तो रचणाऱ्यांचे नाव कोणत्याच कागदावर नसते. जमीन एका खात्याची, कचरा नगरपालिकेचा, सुरक्षा पोलिसांची, अशा वाटणीत जबाबदारी कोणाचीच राहत नाही. हटवण्यासाठी ठेकेदार मिळत नाहीत, मिळाले तर तोंडे झाकून येतात. २०२१ मध्ये बेलफास्टच्या टायगर्स बे या प्रॉटेस्टंट वस्तीतील, कॅथलिक वस्तीला लागून रचलेला ढीग हटवण्यास पोलिसांनी साह्य करावे म्हणून दोन मंत्री न्यायालयात गेले. पोलिसांना जिवितहानीची भीती होती आणि न्यायालयाने तसा आदेश दिला नाही. टायर व ध्वज न जाळण्याच्या अटीवर अनुदान देणे, लाकडी ढिगाऐवजी धातूच्या जाळीतील छोटी आगटी वापरणे असे उपाय काही वस्त्यांनी स्वीकारले आहेत. ध्वज, अस्मिता, संस्कृती व परंपरा यांवर विचार करण्यासाठी २०१६ मध्ये नेमलेल्या आयोगाचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु होळ्यांचे नियमन कसे करावे यावर पक्षांचे एकमत होऊ शकलेले नाही.

ऑरेंज ऑर्डर जेथे जेथे गेली तेथे हा तंटाही गेला. न्यूयॉर्कमध्ये १८७१ च्या ऑरेंज मिरवणुकीच्या दंगलीत ६० हून अधिक लोक मेले. ग्लासगोत आजही कॅथलिक चर्चवरून जाणाऱ्या मिरवणुकांवर वाद होतात. याउलट आयर्लंड प्रजासत्ताकातील डॉनिगॉल परगण्यात रॉसनोला येथे समुद्रकाठी दरवर्षी ऑरेंज मिरवणूक निघते आणि तिला कोणी अडवत नाही, कारण तेथे ती कोणाच्या वर्चस्वाचा दावा करीत नाही.

२०२१ च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के आढळले. ज्या बहुसंख्येच्या भरवशावर मिरवणुकीचा हक्क गृहीत धरला जात होता, ती आता उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये बेलफास्टच्या मेरिडी स्ट्रीटवर, दोन रुग्णालयांना वीज पुरवणाऱ्या उपकेंद्राला लागून आणि ॲस्बेस्टॉस पडलेल्या जागेवर रचलेली होळी नगरपालिकेने ठराव करूनही हटवता आली नाही. त्याच आठवड्यात टिरोन परगण्यातील मॉयगॅशेल गावात मनोऱ्याच्या माथ्यावर एका नावेत जीवरक्षक जाकिटे घातलेले कृष्णवर्णीय स्थलांतरितांचे पुतळे बसवले गेले. चर्च ऑफ आयर्लंडच्या आर्चबिशपांनी त्याचा तीव्र निषेध केला, पोलिसांनी द्वेषमूलक घटना म्हणून नोंद केली, आणि १० जुलैच्या रात्री जमावासमोर तो मनोरा पुतळ्यांसह पेटवण्यात आला.