मोठं इम्प्लांट टाकलं की खड्डा भरतो? नाही हो!

ब्रेस्ट कॅन्सरनंतर रिकन्स्ट्रक्शन (म्हणजे स्तन पुन्हा घडवणं) करताना "जरा मोठं इम्प्लांट (आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) घ्या, म्हणजे छातीवरचा वरचा खड्डा दिसणार नाही" हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण ते तसं नसतं. मास्टेक्टॉमीत, म्हणजे स्तन काढायच्या ऑपरेशनमध्ये, गाठीबरोबर पार कॉलरबोनच्या (गळ्याजवळच्या हाडाच्या) खालपर्यंतचा स्तनाचा टिश्यू जातो, इम्प्लांट मात्र खाली त्याच्यासाठी केलेल्या खिशासारख्या जागेत बसतं, मग वर पायरीसारखी कडा दिसते आणि साइज वाढवली तर पातळ स्किनवर ताण येऊन ती कडा उलट अजून उठून दिसू शकते. खरी काळजी पहिल्याच ऑपरेशनला, कॅन्सर सुरक्षितपणे काढून स्किनखालची चरबी जपायची, छातीखालची घडी जागेवर ठेवायची. तरी खड्डा राहिलाच तर पोटाची-मांडीची चरबी भरतात, त्यातली थोडी विरघळते म्हणून कधीकधी दोन-तीनदा करावं लागतं (हे आधी सांगायला हवं ना!). रेडिएशन झालं असेल तर गणित अजून वेगळं.