संगणकाला जोडलेल्या मोबाइलवरील इंटरनेट कॉल : बिघाड व उपाय

संगणकाचे इंटरनेट हॉटस्पॉटने किंवा यूएसबी केबलने मोबाइलला देऊन व्हॉट्सॲप किंवा सिप ॲपवरून (‘सिप’ म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याची नियमपद्धत) बोलण्याची पद्धत. सातारा जिल्ह्यात पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांच्या डोंगरी भागात तिची गरज पडते : घरात फायबर आणि संगणक असतो, पण रेंज धरायला अंगणात यावे लागते. राउटरचेच वाय-फाय मोबाइलपर्यंत पोचत असेल तर हा खटाटोप करू नये. मोबाइल थेट त्याला जोडावा.

‘मेसेज जातो, मग कॉल का लागत नाही?’ हा नेहमीचा प्रश्न. मेसेज टीसीपी या पद्धतीने जातो; तिच्यात हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. आवाज बहुधा यूडीपी या तुकडे पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीने जातो, सेकंदाला साधारण ५० तुकडे, आणि उशिरा आलेला तुकडा हरवल्यातच जमा. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या जी.७११ या जुन्या पद्धतीतही, प्रत्येक तुकड्यावरची पत्त्याची माहिती (शीर्षक) धरून, एका दिशेला ८० केबीपीएसच (सेकंदाला ८० किलोबिट) लागतात. म्हणून स्पीड टेस्टचा आकडा पाहून काही कळत नाही. विलंब आणि त्यातली चढउतार पाहावी. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणे सहज होते.

विंडोज १० व ११ चा हॉटस्पॉट मोबाइलला सहसा १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो. मोबाइल पत्ता मिळवतानाच अडकला, तर हॉटस्पॉट बंद-चालू करावा, ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सेवा पुन्हा सुरू करावी आणि अँटिव्हायरसची फायरवॉल तपासावी. पत्ता मिळूनही आवाज तुटत असेल, तर संगणकावरून आधी राउटरला आणि मग मोबाइलला ५०-५० वेळा पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजावा. मोबाइलची स्क्रीन चालू ठेवावी, नाहीतर वाय-फायच्या वीजबचतीमुळे आकडे फुगतात. राउटरचे आकडे स्थिर आणि मोबाइलचे उड्या मारणारे, म्हणजे दोष हॉटस्पॉटच्या टप्प्यात. बहुतेक वेळा एकच वाय-फाय कार्ड इंटरनेट घेतही असते आणि वाटतही असते. राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल टाकली की हा त्रास संपतो. दोन्ही टप्पे ठीक असतील, तर संगणकावर फोटोंचा बॅकअप अपलोड होत आहे का ते पाहावे.

रिंग वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो, तेव्हा संशय पत्ताबदलावर (नॅट : घरातल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता घालणे) घ्यावा. एक बदल विंडोज करते, दुसरा राउटर. सिप ॲप समोरच्याला घरातलाच पत्ता कळवते आणि त्याचा आवाज इथवर पोचत नाही. ॲपमध्ये स्टन (बाहेरून दिसणारा आपला पत्ता शोधून देणारी सोय) चालू करावे, राउटरमधील ‘सिप एएलजी’ (सिपच्या संदेशांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करावे. कॉल दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल तर ते रेंजचे काम नव्हे : कॉल उचलल्याची पोच समोर न पोचल्याने सिप तो सोडून देते. स्क्रीन बंद असताना रिंग वाजत नसेल, तर ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढावेत.

केबलने उलटे टेदरिंग करण्यासाठी, म्हणजे संगणकाचे इंटरनेट मोबाइलला देण्यासाठी, अँड्रॉइडवर ‘Gnirehtet’सारखे साधन वापरतात. त्याला मोबाइलच्या डेव्हलपर सेटिंगमधले यूएसबी डीबगिंग चालू असावे लागते. ते मोबाइलवर व्हीपीएनच्या (सगळी माहिती एकाच खासगी वाटेने नेणाऱ्या जोडणीच्या) रूपात चालते, म्हणून दुसरे व्हीपीएन सोबत चालत नाही. ते टीसीपी व यूडीपीच पुढे नेते, आणि पिंग या दोन्हींत येत नाही. म्हणून मोबाइलवरून पिंग फसले तरी जोडणी बंद आहे असे समजू नये.

पावसाळ्यात वेगळाच घोळ होतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, हॉटस्पॉटही दिसतो, पण फायबरचा डबा बंद पडलेला असतो. मोबाइलवर वाय-फाय पूर्ण दिसते आणि कॉल मात्र ‘कनेक्टिंग’वर थांबतो. डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्ट व अँपिअरचा, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस लावावा. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही; त्यासाठी अंगण गाठावेच लागते.